चार पंख्यांचा एक कंडेन्सर

करंट आला तेव्हा खालच्या गल्लीतल्या पोरांनी नेहमीसारखी आरोळी ठोकली आणि ओनेलियो मास्तर नेहमीसारखे दोन कामांसाठी उठले. आधी बायकोच्या पलंगाशेजारच्या पंख्याचं बटण दाबायचं, पात्याला लाकडी चमच्याने टिचकी मारायची, आणि मग ऑक्सिजनच्या मशीनचं बटण. पंखा गुरगुरला, जरा विचार करून फिरायला लागला. मशीन मात्र एकदाच "हुं" म्हणालं आणि गप्प बसलं.

मास्तरांनी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करून बघण्याइतके ते अडाणी नव्हते. त्यांनी प्लग काढला, मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागचं झाकण उघडलं. आतला कंडेन्सर, एरवी सरळ चांदीच्या डबीसारखा असणारा, पोट सुटल्यासारखा फुगला होता. करंट कधी एकटा येत नाही, धक्का घेऊन येतो, हे बेटावरच्या या मान्सानिलो गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. करंट गेला की मास्तर बटण बंद करायला कधी विसरत नसत. पण पहाटे त्यांचा डोळा लागला होता, तेवढ्यात बटण चालू असतानाच करंट जाऊन आला आणि पुन्हा गेला असणार.

"मेलं?" पलंगावरून मिगदालियाने विचारलं.

"मेलं नाही. कंडेन्सर गेलाय."

"मग तर तुझाच विषय." ती थांबली, नाकातल्या नळीतून श्वास घेतला आणि उरलेलं वाक्य पूर्ण केलं. "जन्मभर तेच तर शिकवलंस."

मिगदालियाच्या बोलण्याला एके काळी अख्खी इमारत घाबरायची. उसाच्या चिपाडांपासून फळ्या करणाऱ्या कारखान्यात तिची उमर गेली, आणि तिथली धूळ तिच्या छातीत राहिली. आता ती शब्द जपून वापरायची, पण टोमणा मारायचा झाला तर मात्र हात आखडता घेत नसे. मशीन होतं तोवर ती घरात हिंडायची, भात टाकायची, नवऱ्याला नावं ठेवायची. करंट नसेल तेव्हा पॉलिक्लिनिकने दिलेला सिलिंडर असे. आज करंट होता, मशीन नव्हतं, आणि सिलिंडरचा काटा निम्म्याच्या खाली आला होता. भरलेले सिलिंडर बायामो शहरातून ट्रकने येत, आणि ट्रकला डिझेल मिळालं तर तो येई.

मशीन त्यांच्या मुलाने, आरिएलने, परदेशातून, सारागोसाहून पाठवलं होतं. मास्तरांनी त्याला फोन लावला.

"पप्पा, ऑक्टोबरमध्ये एक बाई येतेय तिकडे. तिच्याजवळ देतो ना कंडेन्सर. एक काय, चार देतो."

"चालेल, चालेल," मास्तर म्हणाले. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. काट्याबद्दल ते बोलले नाहीत. पोरगा तिथे झोपला नसता, आणि त्याच्या जागण्याने इथे काही हललं नसतं.

फोन ठेवून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. अडचण अशी होती. मशीन परदेशी, दोनशेवीस व्होल्टच्या वेगळ्या लाइनवर चालणारं. त्याला सहा मायक्रोफॅरड मापाचा कंडेन्सर हवा, आणि तो साडेचारशे व्होल्टचा दाब सोसणारा हवा. सहाचा कंडेन्सर तर इमारतीतल्या प्रत्येक जुन्या पंख्यात होता, पण इथले पंखे एकशेदहाचे, दाब अडीचशेच्या वर गेला की त्यांचा कंडेन्सर संपला. तो एकटा मशीनमध्ये घातला तर फटाका.

यावर तोड होती. मास्तरांनी ती शाळेत फळ्यावर इतक्यांदा काढली होती की बोटांना खडू लागल्याचा भास झाला. दोन कंडेन्सर एकसर जोडायचे, म्हणजे एकामागे एक. दाब दोघांत वाटला जातो, दोघं मिळून पाचशे सोसतात. पण एकसरीत माप निम्मं होतं, सहा आणि सहा मिळून तीनच भरतात. मग अशी आणखी एक जोडी करायची आणि ती पहिल्या जोडीला समांतर लावायची, म्हणजे शेजारी शेजारी. समांतर जोडणीत मापांची बेरीज होते. तीन आणि तीन, सहा. एका कंडेन्सरच्या जागी चार.

मुलं दरवर्षी इथेच हसायची. "मास्तर, चार घातले आणि एकाएवढंच मिळालं? मग मिळवलं काय?"

"सोसण्याची ताकद," मास्तर म्हणायचे. "दुसरं काही नाही."

आणि मग ते पुढचा नियम सांगायचे, जो परीक्षेत हमखास यायचा. एकसरीतल्या दोघांत एक कमी मापाचा निघाला, तर दाब निम्मा निम्मा वाटला जात नाही. जास्त दाब कमी मापाच्यावर पडतो. जो आधीच दुबळा, त्याच्यावरच. मुलांना हे पटायचं नाही, कुणीतरी म्हणायचं हा अन्याय आहे. मास्तर म्हणायचे, असेल, पण उत्तर हेच लिहायचं.

म्हणजे चार कंडेन्सर हवेत, आणि चारही सारखे. एक घरचा होताच. बाकी तीन मागून आणायचे.

"याचा नको घेऊस," मास्तर पलंगाजवळचा पंखा उचलायला आले तेव्हा मिगदालिया म्हणाली. "हा तुझ्यासारखा आहे. ढकलल्याशिवाय हलत नाही."

मास्तर हसले. तिला पंखा सोडवत नाही, असं त्यांना वाटलं. "मशीन लागू दे, मग तुला पंख्याची आठवणसुद्धा येणार नाही, म्हातारे."

तिने आणखी काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्या श्वासात तिला पाणी प्यायचं होतं.

इमारतीत निम्म्या घरांनी आता बॅटरीवरचे चिनी पंखे घेतले होते, त्यांच्यात कंडेन्सर नसतो. जुने पंखे राहिले होते ते ज्यांचं परदेशात कुणी नव्हतं त्यांच्याकडे. म्हणजे मागायचं ते नेमकं ज्यांच्याजवळ काही नाही त्यांच्याकडे. मास्तरांना हे जिवावर आलं, तरी ते निघाले.

पहिल्या मजल्यावरच्या युसिमीने दार उघडलं ते कडेवरचं बाळ सावरतच. बाळाच्या मानेला घामोळं आलं होतं. मास्तर अर्धं बोलले न बोलले तोच तिने पंखा आणून त्यांच्या हातात दिला.

"बाळाचं काय?"

"बाळाला मी वारा घालीन. मावशीला कोण घालणार? न्या." ती त्यांची विद्यार्थिनी होती, आणि कधीच उत्तर द्यायला वेळ लावायची नाही.

पास्तोर रात्री बंदरावर राखण करायचा आणि दिवसा झोपायचा. बनियन घालत दाराशी आला, सगळं ऐकलं, म्हणाला, "मास्तर, असं करा, पंखाही न्या आणि माझी झोपही न्या. नाहीतरी दोघांचं एकमेकांशिवाय जमत नाही." मग गंभीर होऊन पंख्याच्या पाठीवर थोपटलं. "हा एकदम खणखणीत आहे. बटण दाबलं की पळतो."

राहिली नेरेइदा. मास्तरांच्या डोक्यावरच्या घरात राहायची, आणि तिच्या मनात मास्तरांबद्दल एक जुनी अढी होती. तिच्या मुलाला मास्तरांनी भौतिकशास्त्रात नापास केलं होतं. त्याची पुढची शाळा हुकली, आणि आता तो गावात घोडागाडी हाकतो. जिन्यात भेटली की नेरेइदा मास्तरांकडे न बघता त्यांच्या चपलांकडे बघायची.

"कशासाठी हवाय?" तिने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. एकसर, समांतर, सगळं. इतकं सांगायची गरज नव्हती, पण ती बघत राहिली आणि ते बोलत राहिले.

"हाच तो धडा ना?" ती म्हणाली. "माझ्या पोराने म्हणे लिहिलं होतं की दाब सारखा वाटला जातो."

"हो."

"आणि तू भोपळा दिलास."

"उत्तर चूक होतं, नेरेइदा."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. मास्तरांना वाटलं, संपलं. मग ती पंखा घेऊन आली, आणि त्या पंख्याकडे बघून मास्तरांचा धीर सुटला. बूड रंगाच्या डब्याचं, पाती दोन वेगवेगळ्या रंगांची, जाळी नाहीच. वायरीला चिकटपट्ट्यांची पुटं चढली होती.

"दिसायला तुझ्यापेक्षा बराच बरा आहे," ती म्हणाली. "चालतो. परत आणून लाव. मला उकाड्यात झोप येत नाही."

मास्तरांनी चारही पंखे टेबलावर उघडले. माप मोजायचं मीटर त्यांच्याजवळ होतं, पण त्याला लागणारी चौकोनी बॅटरी गावात वर्षभर कुणी पाहिली नव्हती. तेव्हा त्यांनी जुनी युक्ती काढली. कंडेन्सरला मागे एक बल्ब जोडायचा आणि करंट सोडायचा. बल्ब जितका उजळेल तितकं माप चांगलं. युसिमीचा लावला, बल्ब छान लागला. पास्तोरचा लावला, तसाच. नेरेइदाचा लावला आणि डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा काढून पुन्हा लावला. काही केल्या त्यात खोट सापडेना. तिसऱ्यांदा लावून पाहिला तेव्हा त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

घरचा त्यांनी लावून पाहिला नाही. सकाळीच तर फिरत होता. रोज डोळ्यांसमोर फिरणाऱ्या पंख्याची परीक्षा काय घ्यायची? शिवाय सिलिंडरची सळसळ शेजारच्या खोलीतून सारखी ऐकू येत होती, आणि करंट किती वेळ राहील त्याचा नेम नव्हता. नेरेइदाचा आणि पास्तोरचा अशी एक जोडी त्यांनी केली, युसिमीचा आणि घरचा अशी दुसरी. घरच्या कंडेन्सरच्या वायरीला फार पूर्वी त्यांनीच हिरव्या दोऱ्याची गाठ मारली होती, ती तशीच राहिली. सगळं एका पुठ्ठ्यावर बांधून त्यांनी मशीनच्या पोटात बसवलं आणि बटण दाबलं.

मशीन "हुं" म्हणालं आणि यावेळी थांबलं नाही. आधी धडधडलं, मग त्याला त्याचा नेहमीचा ठेका सापडला, फुस्स, ठक, फुस्स, ठक. मास्तरांनी सिलिंडरची चावी बंद केली आणि नळी मशीनला लावली. मिगदालिया उशीला टेकून बसली, डोळे मिटून. थोड्या वेळाने तिच्या ओठांचा निळसरपणा ओसरला. मास्तर पाठ फिरवून खिडकीशी गेले, कारण त्यांना रडू येत होतं आणि तिला ते आवडलं नसतं.

बातमी जिन्यातून वर-खाली झाली. पास्तोर वाटाणे भाजून घातलेली कॉफी घेऊन आला. युसिमी बाळासकट आली. नेरेइदा आत आली नाही, पण दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आणि मास्तरांनी पुढे केलेली कॉफी तिने घेतली. मिगदालियाने डोळे उघडले आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"एवढी माणसं," ती म्हणाली. "मी मेले की काय?"

पास्तोर इतका हसला की कॉफी बनियनवर सांडली. "मावशी, तुम्ही आता चार पंख्यांवर चालताय. आम्हाला वारा घातलाच पाहिजे तुम्ही."

"या. फुंकर मारते," ती म्हणाली, आणि खरंच गाल फुगवून बाळाच्या तोंडावर फुंकर मारली. बाळ दचकलं आणि हसलं. बऱ्याच दिवसांत तिच्याजवळ उधळायला श्वास नव्हता. नेरेइदासुद्धा कपाच्या आड हसली, हे मास्तरांनी पाहिलं. त्या घटकाभरात मास्तरांना वाटलं की आपण शिकवलेलं काहीतरी, एकदा तरी, कुणाच्यातरी उपयोगी पडलं. माणसाला असं वाटून घ्यायचा हक्क आहे. तो फार वेळ टिकत नाही.

दुपारी बंदराकडच्या भागातला करंट गेला. तिकडचा गेला की इकडचा दाब चढतो, दिवे एकदम पांढरे पडतात. मास्तर उठून मशीनकडे धावले, पण दोन पावलं आधीच आतून फाटकन आवाज झाला, लगोलग दुसरा, आणि जळक्या तेलाचा वास पसरला. मशीनचा ठेका मोडला. ते घशात अडकल्यासारखं घरघरत राहिलं. मास्तरांचा हात प्लगपर्यंत पोचला तोवर आतून काळा धूर यायला लागला होता.

आधी त्यांनी सिलिंडरची चावी उघडली, नळी बदलली. मग झाकण काढलं. मोटरचं वेटोळं काळं ठिक्कर पडलं होतं. तसली तार या गावातच काय, या बेटावर कुणाकडे नव्हती.

"मी म्हणत नव्हतो?" आवाज ऐकून सगळ्यांबरोबर धावत आलेला पास्तोर दारातूनच बोलला. तो असलं काहीही म्हणाला नव्हता. "त्या पंख्याकडे बघूनच कळत होतं. रंगाचा डबा तो. नेरेइदा, असला देण्यापेक्षा नाही म्हणाली असतीस तर बरं झालं असतं."

"चालत होता तो," नेरेइदा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

"चालत होता. आणि आता मावशी कशावर चालणार?"

मास्तर पुठ्ठ्यावर वाकले होते. दोन कंडेन्सर धड होते, पास्तोरचा आणि नेरेइदाचा. दुसऱ्या जोडीतला एक बाजूने फुटला होता, बहुधा नंतर. दुसरा आधी गेला होता, पार उकलला होता, आणि त्याच्या वायरीला हिरव्या दोऱ्याची गाठ होती.

त्यांना सगळं एका क्षणात दिसलं. पंखा ढकलल्याशिवाय सुरू होत नाही म्हणजे त्याचं माप घटलेलं असतं. हे ते वर्गात सांगायचे, स्वतः सांगायचे. तो घरचा कंडेन्सर सहाचा तीन झाला असेल, आणि तरी रोज सकाळी ते लाकडी चमचा घेऊन त्याला टिचकी मारत होते, आणि चमचा ठेवायची जागाही पंख्याशेजारीच ठरली होती. त्यांच्या लेखी तो पंखा चांगला होता. दुबळ्यावर जास्त दाब पडला, नियमाप्रमाणे. तो फुटल्यावर सगळा दाब युसिमीच्यावर गेला, आणि बाळाचा पंखाही संपला.

पास्तोरचा राग नेरेइदावर होता, आणि मास्तरांनी ती गाठ झाकली असती तर तो तिथेच राहिला असता. हे त्यांच्या मनात आलं, आणि आलं याची त्यांना किळस वाटली.

"नेरेइदाचा चांगला आहे," ते म्हणाले. "माझा फुटला. माझाच कमजोर होता. मी तपासला नाही."

युसिमीने फुटलेल्या डबीकडे पाहिलं, मग बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "माझाही गेला का, मास्तर?"

"हो गं."

"असू दे," ती म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चटकन आला नाही.

नेरेइदा चौकट सोडून पहिल्यांदा आत आली. "तुझा पंखा ढकलावा लागायचा, नाही का? मला वर ऐकू यायचं. करंट आला की टिक."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? माझ्या बहिणीचाही तसाच आहे. सगळ्यांचेच तसे असतात." ती खरंच गोंधळली होती. "मला वाटलं, चालतोय."

मास्तरांनी दोन्ही धड कंडेन्सर सोडवले. पास्तोरचा त्याच्या पंख्यात लावून दिला. नेरेइदाचा लावला आणि तपासायला म्हणून बटण दाबलं. त्या ध्यानासारख्या दिसणाऱ्या पंख्याने कुणाची वाट पाहिली नाही, तो आपणहून फिरायला लागला. नेरेइदाने तो उचलला, दारापर्यंत नेला, परत आणला आणि पलंगाशेजारी ठेवला. मग वर निघून गेली.

तो पाऊण तास फिरला. मग करंट गेला.

पॉलिक्लिनिकमध्ये फोन लागला तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली की ट्रक बायामोतच आहे, आणि रुग्णालयात न्यायचं तर न्या, पण तिथेही व्हरांड्यात माणसं वाट बघत बसलीत. तिचा आवाज दमलेला होता. मास्तरांनी तिचे आभार मानले. मिगदालियाने मान हलवून व्हरांडा नको म्हणून सांगितलं.

मशीन ज्या खोक्यातून आलं होतं त्याचा पुठ्ठा मास्तरांनी फाडला आणि ते तिला वारा घालत बसले. बाहेर ऊन उतरणीला लागलं होतं. खालच्या मजल्यावर युसिमीचं बाळ रडत होतं, थांबत होतं, पुन्हा रडत होतं.

"कुणाचा फुटला?" मिगदालियाने विचारलं. मघाशी धुराने खोकत असताना तिला काही ऐकू आलं नव्हतं.

खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं. "आपला," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पांघरुणावरचा हात थोडासा उचलला, एक बोट पुढे केलं आणि हवेत हलकेच टिचकी मारली, जिथे रोज पंख्याचं पातं असायचं तिथे. त्यात राग नव्हता. म्हटलं होतं ना, एवढंच होतं.

"हो," मास्तर म्हणाले. "म्हटलं होतंस."

"आरिएलचा फोन," ती म्हणाली. श्वास घेतला. "रविवारी येतो ना?"

"हो."

"मग चावी कमी कर. तोवर पुरव. बोलेन मी त्याच्याशी."

आज गुरुवार होता. मास्तर उठले आणि त्यांनी चावी थोडी फिरवली. सळसळ बारीक झाली. काटा होता तिथेच होता, तांबड्या पट्टीला लागून, आणि त्याच्याकडे एकदा बघितल्यावर आणखी कसला हिशोब करायची गरज नव्हती. तिला मात्र त्यांनी सांगितलं की रविवारपर्यंत पुरेल. मग काट्याकडे पाठ करून ते खुर्चीवर बसले आणि पुठ्ठा हलवायला लागले.